पंचतारांकित बारमधली पहिली संध्याकाळ: दारापासून बिलापर्यंत

मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये जायला लोक बिचकतात ते पैशांमुळे कमी आणि दरवानामुळे जास्त. पैशांचा हिशेब घरी बसून करता येतो, पुढे करूनच दाखवतो. पण फेटेवाल्या दरवानाने दार उघडलं की आपण चुकीच्या ठिकाणी आलोय असं वाटायला लागतं. मग मेन्यू न वाचताच ओळखीचं काहीतरी मागवलं जातं, ते पटापट संपतं, आणि चार आकडी बिल भरून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला धड चवही आठवत नाही. हे टाळायचं असेल तर एक सूत्र सांगून ठेवतो: दोन तास, दोन कॉकटेल, आणि जमलं तर काउंटरवरची जागा. इथे दारूचे पैसे कमी आणि बसण्याचे, बघण्याचे, विचारण्याचे पैसे जास्त असतात. ते वसूल करायचे तर घाई करून भागत नाही.

हा लेख कॉकटेल कधी घेतलं नाही, किंवा लग्नाच्या हॉलबाहेरच्या तात्पुरत्या बारवर निळ्या रंगाचं काहीतरी एकदा घेतलंय, अशा वाचकांसाठी आहे. उदाहरणासाठी मुंबईतलं कुलाब्याचं ताज धरतो, कारण त्या हॉटेलचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि आत गेलेले मोजकेच असतात. १६ डिसेंबर १९०३ ला ते सुरू झालं, म्हणजे समोरच्या गेटवेच्या कितीतरी आधी. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुला झाला. ताजमधला हार्बर बार १९३३ चा. मुंबईतला पहिला परवाना मिळालेला बार म्हणून तो ओळखला जातो. इतर कुठल्याही पंचतारांकित हॉटेलात जाणार असलात तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

आधी बार निवडा, आणि दिशा बघा

समुद्रावरचा सूर्यास्त बघत ग्लास हातात घ्यायचा, असं चित्र मनात असेल तर ताज ही चुकीची जागा आहे. ताज ज्या अपोलो बंदरावर उभं आहे ते पूर्वेकडे आहे. खिडकीतून दिसतं ते मुंबईचं बंदर, मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचेस आणि गेटवेवरची गर्दी. सूर्य मावळतो हॉटेलच्या पाठीमागे. पाण्यात बुडणारा सूर्य हवा असेल तर मरीन ड्राइव्ह, वरळी किंवा जुहूच्या बाजूचं हॉटेल शोधा. बंदरावर संधिप्रकाश पसरतो आणि बोटींचे दिवे लागतात ती वेळ मात्र ताजकडून फार छान दिसते, आणि माझं मत विचाराल तर मावळत्या सूर्यापेक्षा ते जास्त वेळ टिकतं.

गच्चीवरचे बार पावसाळ्यात अर्धे बंद किंवा ताडपत्रीखाली असतात. जून ते सप्टेंबर आतला बार बरा.

वार निवडताना सोमवार ते गुरुवार बघा, आणि साडेसहा-सातला पोहोचा. त्या वेळी काउंटर रिकामं असतं आणि बारटेंडरला बोलायला सवड असते. शुक्रवार-शनिवारी रात्री साडेनऊनंतर तोच माणूस एका वेळी आठ ऑर्डरी सांभाळत असतो. तुम्ही त्याला कडवट आणि आंबट यांतला फरक विचारलात तर तो हसून उत्तर देईल, पण त्याचं लक्ष शेकरवर, म्हणजे पेय हलवायच्या भांड्यावर असेल.

निघण्याआधी हॉटेलच्या मुख्य नंबरवर फोन करून बारला जोडायला सांगा. तीन गोष्टी विचारा: हॉटेलात न उतरलेल्या पाहुण्यांना बार खुला आहे का, त्या दिवशी प्रवेशाचे वेगळे पैसे किंवा किमान बिलाची अट आहे का, आणि खिडकीजवळची किंवा काउंटरची जागा राखून ठेवता येईल का. हा फोन मराठीत केला तरी चालतो. मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत फोनवरची निम्मी मंडळी मराठीच असतात, आणि इंग्रजीत सुरू झालेलं संभाषण दुसऱ्या वाक्याला मराठीत येतं.

कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. व्हिस्की, जिन, रम वगैरेंसाठी २५. कॉकटेल बहुतेक दुसऱ्या गटात येतात. चेहरा कोवळा असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा, आणि पोराला नोकरी लागली या आनंदात २३ वर्षांच्या भाच्याला घेऊन जाणार असाल तर त्याची सोय बिअरवर करावी लागेल.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याचा सांगाडा आपल्याकडे अजून उभा आहे. त्यामुळे दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे त्याचे प्रकार आहेत; विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा आणि आजीवन १,००० चा. एक दिवसाचा परवाना बारमध्येच मिळतो. नेहमी जाणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर आजीवन परवाना काढून टाका, म्हणजे तो विषय कायमचा मिटतो.

कोरडे दिवस, म्हणजे ड्राय डे, तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतात. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी लोक विसरतात. निवडणूक असली तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास बार बंद असतात. लग्नाचा वाढदिवस नेमका त्यात सापडला तर कितीही मोठं हॉटेल असलं तरी काही करू शकत नाही.

कपडे आणि दार

सूट लागत नाही. पुरुषांना पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट एवढं पुरे. अडवतात ते हाफ पँट, बनियनसारखे टी-शर्ट आणि चप्पल-फ्लोटर्सना. साडी, पंजाबी ड्रेस, कुर्ता सगळं चालतं. बाईंनी नीट नेसलेली सुती साडी कुठल्याही पार्टी ड्रेसपेक्षा तिथे उठून दिसते. एसी भरपूर असतो, तेव्हा पातळ ओढणी किंवा शाल जवळ ठेवा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांच्या दारात बॅग तपासण्याचं यंत्र आणि मेटल डिटेक्टर बसले. विमानतळासारखी रांग असते, दोन मिनिटांत संपते. तपासणी सगळ्यांचीच होते, तेव्हा आपल्यालाच अडवलं असं वाटून घेऊ नका. आत शिरल्यावर कुठे जायचं ते कळलं नाही तर जवळच्या कर्मचाऱ्याला विचारा. तो हाताने दिशा दाखवत नाही, बारपर्यंत सोडायलाच येतो. येऊ द्या.

कुठे बसायचं

दोघं असाल किंवा एकटे असाल तर काउंटर. चारपाच जण असाल तर टेबल, कारण काउंटरवर ओळीत बसलेल्या पाच जणांना एकमेकांशी बोलता येत नाही.

काउंटरवर बसण्याचा खरा फायदा असा की तुमचं पेय तुमच्यासमोर बनतं. किती मोजून ओतलं, कोणती बाटली उघडली, लिंबू ताजं पिळलं की बाटलीतून आलं, सगळं दिसतं. बर्फाकडे बघा. चांगल्या बारमध्ये मोठा, काचेसारखा स्वच्छ तुकडा असतो. तो दिसायला छान म्हणून ठेवत नाहीत. मोठा बर्फ हळू वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. ज्या कॉकटेलमध्ये लिंबाचा किंवा फळाचा रस, अंडं, क्रीम असतं ती शेकरमध्ये घालून जोरात हलवतात. ज्यांत सगळी दारूच असते ती लांब चमच्याने शांतपणे ढवळतात. एवढं ठाऊक असलं तरी समोर काय चाललंय ते अर्धं समजतं.

कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाची पट्टी असते. नाव वाचून, "तुम्ही" म्हणून बोला. चुटकी वाजवणं, "ए, इकडे" म्हणणं, ग्लासावर चमचा वाजवणं यांनी सेवा लवकर मिळत नाही. पुढचा ग्लास उशिरा येतो एवढंच.

मेन्यू हातात आल्यावर

मेन्यूत बहुधा दोन भाग असतात. एक भाग हॉटेलच्या स्वतःच्या कॉकटेलचा, ज्यांना सिग्नेचर म्हणतात. त्यांची नावं काव्यात्म असतात आणि खाली केशर, कोकम, जांभूळ, गुलाब, धूर, फेस असे शब्द लिहिलेले असतात. दुसरा भाग क्लासिक्सचा. कधी कधी तो छापलेलाच नसतो, कारण बारटेंडरला ती सगळी येतात असं गृहीत असतं.

माझा सल्ला: पहिला ग्लास क्लासिक घ्या. त्याची कृती जगभर ठरलेली आहे, म्हणून बार किती पाण्यात आहे ते त्यातून कळतं. शिवाय हॉटेलांचे बार आणि क्लासिक कॉकटेल यांचं नातं जुनं आहे. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारमध्ये एडा कोलमन या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'हँकी पँकी' बनवलं. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात न्यिआम टाँग बून या बारटेंडरने 'सिंगापूर स्लिंग' बनवलं. हॉटेलवाले ते साल १९१५ सांगतात. हार्बर बारचंही स्वतःचं जुनं कॉकटेल आहे, त्याच्या नावातच १९३३ आहे. अमेरिकेतली दारूबंदी त्याच वर्षी ५ डिसेंबरला उठली, आणि त्या घटनेशी या पेयाची गोष्ट जोडून सांगतात. तिथे गेलात तर गोष्ट बारटेंडरच्या तोंडूनच ऐका, प्रत्येक जण ती थोडी वेगळी रंगवतो.

नावं शेकडो असली तरी घराणी चार-पाचच आहेत. ती ओळखली की मेन्यू वाचता येतो.

आंबट घराणं नवख्यांसाठी सगळ्यांत सोपं. दारू, लिंबू, साखरेचा पाक. साधारण ६० मिली दारूला वीस-पंचवीस मिली लिंबाचा रस आणि जवळपास तेवढाच पाक. रम घातली की डाकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर, टकीला आणि संत्र्याची लिक्योर (गोड, फळाच्या चवीची दारू) घातली की मार्गारिटा. लिंबू सरबतावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे लगेच पटतं.

उंच ग्लासातली पेयं, म्हणजे दारू आणि वर सोडा किंवा टॉनिक (कडसर-गोड सोडा). जिन-टॉनिक, टॉम कॉलिन्स, मोहितो यांतलीच. उन्हाळ्यात आणि गप्पा लांबणार असतील तेव्हा उत्तम, कारण घोट लहान आणि पाणी जास्त. जिन-टॉनिक मागवलंत तर टॉनिक वेगळ्या बाटलीत आणून हवं तेवढं ओतायला सांगा.

ढवळलेली, कडक पेयं. मार्टिनी, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड. यांत रस नसतो. सिनेमात बघून मार्टिनी मागवणाऱ्यांची पहिल्या घोटाला होणारी तोंडं बारटेंडर रोज बघतात. थंडगार जिन आणि थोडी व्हर्मूथ (वनस्पती मुरवलेली वाइन), बाकी काही नाही. व्हिस्की नुसती पिण्याची सवय असेल तर ओल्ड फॅशन्डपासून सुरुवात करा. त्यात व्हिस्की, किंचित साखर, बिटर्स या कडवट अर्काचे थेंब आणि संत्र्याच्या सालीचा वास असतो. मार्टिनी घेतलीच तर ती थंड असेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटांत संपवावी लागते. म्हणून हळू पिणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

कडवट घराण्यात निग्रोनी: जिन, कँपारी ही लाल कडवट लिक्योर आणि लाल गोडसर व्हर्मूथ, तिन्ही ३० मिली. कारल्याची भाजी आवडणाऱ्यांना हे बहुतेक वेळा आवडतं. असं मी अनेकांवर आजमावून बघितलंय, आणि कारलं बाजूला काढणारे निग्रोनीही बाजूला सारतात.

दुसरा ग्लास बारटेंडरवर सोपवा. पण "काहीतरी छान द्या" म्हणू नका, त्यातून त्याला काही कळत नाही. तीन गोष्टी सांगा: कोणती दारू चालते, चव कशी हवी, आणि काय नको. उदाहरणार्थ, "जिनमध्ये काहीतरी द्या, आंबट चालेल, फार गोड नको, आणि धुराचा वास नको." एवढं सांगितलं की चांगला बारटेंडर खुलतो. धुराचं मी मुद्दाम लिहिलंय. सध्या काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून आणून टेबलावर उघडण्याची पद्धत फार वाढली आहे. फोटो बरा येतो, पण बऱ्याचदा पेयाला शेकोटीपाशी बसल्याचा वास राहतो आणि बाकीची चव मरते.

ऑर्डर घेताना वेटर विचारतो, "कोणती जिन, सर?" आणि दोन-तीन परदेशी नावं घेतो. इथे सावध. त्यातलं नाव घेतलंत तर किंमत मेन्यूतल्यापेक्षा वर जाऊ शकते. सरळ विचारा, "मेन्यूतल्या किमतीत कोणती येते?" असं विचारण्यात काही कमीपणा नाही; हॉटेलात राहणारे श्रीमंत लोकही हेच विचारतात. गोव्यात आणि इतरत्र बनणाऱ्या भारतीय जिन आता चांगल्या आहेत, आणि लिंबू-पाक घातलेल्या पेयात परदेशी बाटलीचा फरक नवख्या जिभेला कळणारही नाही.

पहिला घोट घेतल्यावर काही खटकलं तर लगेच सांगा. फार गोड आहे, थोडं लिंबू वाढवाल का, एवढं पुरे. अर्धा ग्लास संपवून तक्रार केली तर मात्र कुणालाच काही करता येत नाही.

शाकाहारी असाल तर हे विचाराच

कॉकटेल शाकाहारीच असणार असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. व्हिस्की सावरवर जो पांढरा मऊ फेस असतो तो बऱ्याच ठिकाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. पिंक लेडी, क्लोव्हर क्लब यांतही अंडं असतं. ब्लडी मेरीत वूस्टर सॉस घालतात, आणि मूळ वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा असतो. हल्ली दारूत तूप, लोणी किंवा बेकनची चरबी मुरवून मग ती गोठवून काढून टाकण्याची रीत आली आहे. मेन्यूत त्याला 'फॅट वॉश्ड' म्हणतात. तुपाचं असेल तर ठीक, बेकनचं असेल तर तुम्हाला आधी कळायला हवं. दुधाने फाडून पारदर्शक केलेलं पंच दिसायला पाण्यासारखं असतं, पण दूध चालत नसणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

"यात अंडं आहे का? अंड्याशिवाय बनेल का?" हे वाक्य ऑर्डरच्या आधी म्हणायचं. बनतं. फेस थोडा कमी येतो, चवीत फार फरक पडत नाही.

न पिणारं माणूस सोबत असेल तर त्याची सोय नीट करा. नुसता फ्रेश लाइम सोडा मागवून त्याला कोपऱ्यात बसवू नका. या बारांमध्ये दारूविरहित पेयं तितक्याच कष्टाने बनवतात, आणि कोकम, आलं, लिंबाची पानं वापरून बनवलेली काही तर दारूवाल्यांपेक्षा सरस असतात. औषधं चालू असतील, विशेषतः झोपेची, मधुमेहाची किंवा काही प्रतिजैविकं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारूचा ग्लास घेऊ नका.

दोनच का

आता त्या सूत्राकडे येतो. कॉकटेल म्हणजे हलकं, बायकांचं पेय, असं अजून म्हणणारे पुरुष आहेत. त्यांच्यासाठी हा हिशेब.

भारतीय व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये म्हणजे जवळपास २६ मिली शुद्ध अल्कोहोल. निग्रोनीत ३० मिली जिनमधून १३, कँपारीतून साडेसात आणि व्हर्मूथमधून पाच मिलीच्या आसपास, म्हणजे एकूण २५. एक निग्रोनी म्हणजे एक मोठा पेग. ६० मिली रम असलेली डाकिरी तेवढीच. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याची लिक्योर प्रत्येकी १५ मिली धरली तरी शुद्ध अल्कोहोल ३० मिलीच्या पुढे जातं, आणि चव कोका-कोलासारखी लागते. त्या तुलनेत ५ टक्क्यांच्या ३३० मिली माइल्ड बिअरमध्ये साडेसोळा मिली असतं.

शरीर ढोबळमानाने तासाला बारा-तेरा मिली अल्कोहोल निकालात काढतं. काहींचं कमी, काहींचं जास्त. म्हणजे एका मोठ्या पेगाला दोन तास. दोन कॉकटेलांना चार. तिसरं मागवलंत की ते अजून न पचलेल्या दुसऱ्यावर बसतं, आणि त्याची चवही कळत नाही. हजारांत मोजून घेतलेल्या पेयाची चव कळू नये यासारखा तोटा नाही.

रिकाम्या पोटी जाऊ नका. संध्याकाळी साडेपाचला घरी दोन पोळ्या-भाजी किंवा वाटीभर दहीभात खाऊन निघालात तर उत्तम. बारमधले पदार्थ चांगले असतात पण वाढप लहान असतं. सुरुवातीला येणारे शेंगदाणे, ऑलिव्ह किंवा चिवड्यासारखं काही बहुधा फुकट असतं. प्रत्येक कॉकटेलबरोबर एक ग्लास पाणी प्या. पाणी मागताना "रेग्युलर वॉटर" म्हणा, नाहीतर न विचारता बाटली उघडली जाते आणि ती बिलात येते.

बिल

मेन्यूतल्या किमतीत कर धरलेला नसतो. तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. खाणं, पाणी आणि दारूविरहित पेयांवर जीएसटी. म्हणून एकाच बिलात दोन वेगळे कर दिसतात. त्यात काही लबाडी नाही.

दोघांसाठी उदाहरण करू. किमती हॉटेलप्रमाणे बदलतात, व्हॅटचा दर सरकार बदलत असतं, तेव्हा हे आकडे फक्त अंदाजाला. कॉकटेल १,२०० चं धरलं तर चार कॉकटेलांचे ४,८००. एक स्टार्टर ९००, बाटलीचं पाणी ३००. झाले ६,०००. दारूवर २० टक्के व्हॅट धरला तर ९६०, आणि खाण्यापिण्याच्या १,२०० वर १८ टक्क्यांनी २१६. बेरीज ७,१७६. मूळ ६,००० वर १० टक्के सेवा शुल्क लावलं असेल तर आणखी ६००. म्हणजे मेन्यू बघून सहा हजार वाटलेली संध्याकाळ ७,८०० च्या घरात जाते. घरून निघताना मेन्यूतल्या बेरजेच्या वर तिसरा हिस्सा जास्त धरून निघा, म्हणजे बिलाची वही उघडताना छातीत धस्स होत नाही.

सेवा शुल्क बंधनकारक नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. नको असेल तर काढायला सांगता येतं. सेवा शुल्क दिलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. काढून घेतलं असेल आणि सेवा चांगली झाली असेल तर पाच ते दहा टक्के रोख, बारटेंडरच्या किंवा वेटरच्या हातात द्या.

बिलातली प्रत्येक ओळ वाचा. मोठ्या हॉटेलातही दुसऱ्या टेबलाचं सूप आपल्या नावावर येतं. शांतपणे दाखवलं की दुरुस्त होतं. आणि दोघांत बिल कोण देणार यावरून आपल्याकडे जी झटापट चालते ती टाळायची असेल तर येतानाच वेटरला सांगून ठेवा, किंवा उठून काउंटरवर जाऊन भरून या. मामा-काकांबरोबर असाल तर दुसरा मार्गच चालतो.

घरी कसं जायचं

हे संध्याकाळ सुरू होण्याआधी ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर जो हिशेब केला त्यावरून लक्षात येईल की एका निग्रोनीनेही ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. बाहेर पडून कॉफी घेतली, लिंबू चोखलं, तोंडावर पाणी मारलं, यातल्या कशानेही रक्तातला आकडा उतरत नाही. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांनाही हेच लागू आहे.

गाडी घरी ठेवून लोकलने चर्चगेट किंवा सीएसएमटीला या आणि पुढे टॅक्सी करा; मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौकाला उतरून ताजपर्यंत वीसेक मिनिटं चालत जाता येतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, विशेषतः कल्याण-कर्जत किंवा विरारकडे जाणार असाल तर. गाडी आणलीच असेल तर तासावर मिळणारा ड्रायव्हर बोलवा, किंवा हॉटेलच्या दारातल्या माणसाला टॅक्सी बोलवायला सांगा. तो तुमच्यासाठी रस्त्यावरची काळी-पिवळी थांबवून देतो आणि अनेकदा तिचा नंबरही लिहून ठेवतो. एकट्या बाईंनी हे मुद्दाम करावं. आणि बारमध्ये असताना उठून जावं लागलं तर अर्धा ग्लास टेबलावर ठेवून जाऊ नका. बारटेंडरला सांगा, तो लक्ष ठेवतो.

भूक राहिलीच असेल तर ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँ आहे. तिथले सीख कबाब आणि रुमाली रोटी, बारमधल्या एका कॉकटेलपेक्षा कमी पैशांत.